आठ दातांची चाकी

झिपरू आणि चिमणाबाई ही पेठकडची जोडी दर थंडीत दिंडोरीच्या बागायतीत झाडं तोडायला उतरायची. झिपरूच्या हातात मशीन आणि चिमणाबाईच्या हातात दोर. पेट्रोलवर चालणारं ते कटर मशीन येण्याआधी कुऱ्हाड होती, तेव्हाही दोराला चिमणाबाईच होती. झाड तोडणं म्हणजे बुंध्यावर मशीन चालवणं, एवढंच ज्याला वाटतं त्यानं द्राक्षबागेच्या बांधावरची एक बाभूळ पाडून दाखवावी. मग समजेल, तोडणारा कोण आणि पाडणारा कोण ते.

यंदा काम वाल्मीकनानांच्या बांधावर होतं. बांधाच्या अलीकडे त्यांचा द्राक्षाचा मांडव, पलीकडे ओढा. मण्यात नुकतंच पाणी उतरलं होतं, म्हणजे माल पिकायला लागला होता, पण बाभळींच्या सावलीमुळे त्या कडेच्या मालाला गोडी भरत नव्हती, म्हणून नानांना बाभळी नको होत्या. आणि बाभळी सगळ्या कशा, जणू द्राक्षाच्या मोहात पडल्यासारख्या मांडवाकडे झुकलेल्या. त्यांना उलट्या अंगाला, ओढ्यात पाडायचं होतं.

त्यासाठी झिपरू झाडावर चढून उंचावर दोर बांधायचा. दोर खाली ओढ्यात जायचा, तिथल्या एका जुन्या खोडाला बांधलेल्या कप्पीतून फिरायचा आणि चिमणाबाईच्या खांद्यावर यायचा. ती झाडाकडे पाठ करून, पाय वाळूत रोवून उभी राहायची. मधे ओढ्याची दरड असल्यामुळे तिला बुंधा दिसत नसे आणि झिपरूही दिसत नसे. हाक मारायचीही सोय नव्हती. झिपरूच्या बापाची शिकवण होती की झाड उभं असताना कुणाला हाक मारायची नाही. ज्याचं नाव घ्याल त्याच्या अंगावर झाड येतं. बाप जाऊन वर्षं झाली, पण ही दोघं अजून ते पाळायची.

मग तिला कळायचं कसं? आवाजावरून. मशीन लाकडात शिरलं की त्याचा आवाज जड होतो. कापत कापत शेवटाला आलं, झाडानं किंचित तोंड उघडलं, की चेनवरचा भार सुटतो आणि आवाज वर चढतो. तो चढला की चिमणाबाई सगळं अंग दोरावर टाकायची आणि झाड ओढ्यात यायचं. इतक्या वर्षांत तिचं एकही झाड चुकलं नव्हतं. तिच्या उजव्या खांद्यावर दोराचा पट्टा उमटला होता, तिथली कातडी टाचेच्या कातडीसारखी झाली होती.

तिच्या कानाची झिपरूला माहिती नव्हती असं नाही. गेल्या साली दुकानदारानं त्याला भलत्याच पिचची चेन दिली होती. पिच म्हणजे चेनच्या कड्यांमधलं अंतर. ते चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकीच्या दातांमधल्या अंतराशी जुळावं लागतं, नाही तर चेन दातात बसत नाही, दातावर चढते. झिपरूला ते दिसलं नाही आणि दुकानदाराला सांगायचं नव्हतं. लांब फांद्या गोळा करत असलेली चिमणाबाई धावत आली आणि हातानं खुणा करून तिनं मशीन बंद करायला लावलं. चेन चाकीवर उड्या मारतीये, ती म्हणाली. उघडून बघितलं तर दातांची टोकं झिजायला लागलेली. झिपरूनं तेव्हा गावभर कौतुकानं सांगितलं होतं की आमच्या मशीनचा डॉक्टर घरातच हाय.

यंदा बिघडलं ते नानांच्या एका बोलण्यानं. शेजारच्या मळ्यात सिन्नरकडची एक टोळी आली होती. पोरं तरणी, मशीनं नवी. त्यांनी सुबाभळीची अख्खी रांग झिपरूच्या निम्म्या वेळात झोपवली. वाल्मीकनाना बांधावर उभे राहून ते बघत होते. ते हसत म्हणाले, झिपरू, तुझं मशीन आणि तू, दोघं बरोबरच म्हातारे झालात रे. पुढच्या साली त्या पोरांनाच सांगावं म्हणतो. नानांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण काही बोलणी काट्यासारखी असतात, बोलणाऱ्याला समजत नाही. झिपरू त्या रात्री दोन भाकरीतली एकच खाऊन उठला.

त्याचा भाचा राजू अंबडला एका कारखान्यात लेथवर काम करायचा. त्याला झिपरूनं फोन केला आणि रविवारी राजू मोटारसायकलवर आला. येताना एक चाकी घेऊन आला. चिमणाबाई त्या वेळी बाजाराला गेली होती. राजूनं क्लच उतरवला, आतली जुनी चाकी काढून मामाच्या तळहातावर ठेवली आणि शेजारी नवी ठेवली.

"ही सात दाती, ही आठ दाती," तो म्हणाला. "पिच दोन्हीचा सारखाच, म्हणून चेन तीच चालंल. इंजिनाच्या एका फेऱ्यात आधी चेन सात कड्या सरकायची, आता आठ सरकंल. इंजिन फिरंल तेवढंच, चेन जास्त पळंल."

"मग समद्यांनीच आठ का लावत नाय?"

"जोर तेवढाच ना, मामा. पळायला जास्त गेला की दाबायला कमी राहतो. सुबाभळीसारख्या मऊ लाकडाला ही झकास. बाभळीला मात्र सात दातीच लाव, नाय तर इंजिन दबंल."

झिपरूनं मान हलवली. त्यातलं "झकास" तेवढं त्यानं ठेवून घेतलं. जुनी चाकी त्यानं फडक्यात बांधून कानशीच्या डब्यात टाकली.

दुसऱ्या दिवशी रस्त्याच्या कडेच्या सुबाभळी होत्या. तिथं दोराची गरज नव्हती, झाडं मोकळ्या रानात पडणार होती. मशीन सुरू झालं आणि चेन लाकडात अशी गेली की झिपरूला स्वतःलाच हसू आलं. भुसा बारीक होऊन उडत होता. दुपारपर्यंत अर्धी रांग आडवी झाली. नाना येऊन बघून गेले. आज झिपरूच्या अंगात वारं भरलंय, असं म्हणाले आणि खरंच, झिपरूची छाती त्या दिवशी वीतभर पुढं होती.

फांद्या ओढणारी चिमणाबाई मात्र मधेच थांबून कान देत होती. जेवायला बसल्यावर ती म्हणाली, "मशीन आज येगळं वाजतं."

झिपरूनं तिला तेव्हाच सांगायला हवं होतं. तो सांगणारही होता. पण चार दिवस नवल मिरवून मग सांगू, असा बेत होता. शिवाय सांगितलं तर ती चाकी हातात घेईल, शंभर प्रश्न विचारेल आणि एखादं असं विचारेल की त्याला उत्तर देता येणार नाही. म्हणून तो चेष्टेत म्हणाला, "मशीन हाय तसंच हाय. थंडीनं तुझा कान भरलाय."

ती हसली. कान चोळला आणि भाकरी मोडली. त्याचं बोलणं तिनं खरं धरलं, कारण मशीनबद्दल तो तिच्याशी कधी खोटं बोलला नव्हता.

त्यानंतर बांधावरच्या बाभळी आल्या. राजूनं सांगितलेलं झिपरूला आठवत होतं. पण चाकी बदलायची म्हणजे क्लच सोडवा, चेन उतरवा, हात काळे करा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे नानांच्या डोळ्यांसमोर पुन्हा म्हातारं व्हा. होईल तेवढ्यानं, असं त्यानं ठरवलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पहिलीच बाभूळ मांडीपेक्षा जाड होती. झिपरूनं दोर बांधला, ओढ्याच्या अंगाला खाच घेतली आणि मांडवाच्या अंगानं कापायला सुरुवात केली. बाभळीच्या गाभ्याला चेन लागली आणि इंजिन घरघरून दबलं. बंद पडेल म्हणून त्यानं मशीन किंचित मागं घेतलं. भार सुटला आणि आवाज वर चढला.

खाली ओढ्यात चिमणाबाईनं तो चढलेला आवाज ऐकला आणि दोरावर अंग टाकलं. झाड हललं नाही.

झिपरूनं पुन्हा दाबलं, पुन्हा इंजिन दबलं, पुन्हा त्यानं मशीन मागं घेतलं. तिनं पुन्हा ओढलं. दोर ताठ झाला, कप्पी करकरली, तिच्या टाचा वाळूत घोट्यापर्यंत रुतल्या. झाड जागचं हलेना. असं आणखी एकदा झालं, आणि त्यानंतर आणखी एकदा. प्रत्येक वेळी मशीन तिला "ओढ" म्हणत होतं आणि प्रत्येक वेळी वर लाकूड शिल्लक होतं. तिच्या मांड्या थरथरायला लागल्या, हाताला घाम आला. दोर वर कुठे तरी अडकला असेल असं वाटून पकड बदलायला तिनं एक क्षण सैल सोडलं.

नेमक्या त्याच क्षणी वर लाकूड संपलं. आवाज खरोखरीचा चढला, पण आता तिला तोही तसलाच वाटला. झाड मागं बसलं, चेन जिच्यावरून फिरते ती मशीनची पट्टी त्याच्या भेगेत दाबली गेली. झिपरू मशीन सोडून बाजूला उडाला. दोर चिमणाबाईच्या हातातून सरसरत गेला, तळव्यांची साल घेऊन गेला, आणि बाभूळ मांडवावर आडवी झाली.

मांडवाचे दोन लोखंडी अँगल वाकले. तारा तुटून लोंबकळल्या. घडांनी भरलेली एक ओळ मातीत पडली आणि त्यावर बाभळीचे काटे. वाल्मीकनाना घरून धावत आले. त्यांची म्हातारी आई बयाबाई पण काठी टेकत आली. नाना खाली बसले, एक घड उचलला, फुटलेले मणी बघितले आणि परत ठेवला. झिपरूला वाटलं, आता हे मारतील तर बरं होईल.

नानांनी मारलं नाही. नुकसान भरून द्या असंही म्हटलं नाही. पिकाचं काय, असं कधी कधी होतंच, म्हणाले. मग त्यांनी विचारलं की दोराला कोण होतं, आणि ओढ्यातून वर आलेल्या चिमणाबाईकडे बघितलं. ती रक्ताळलेल्या हातांनी दोराची गुंडाळी करत होती.

"मीच व्हते," ती म्हणाली. "मशीन म्हणालं ओढ, म्हणून ओढलं. झाडच आलं नाय. मला नीट आयकू नाय आलं वाटतं."

नाना झिपरूकडे वळले. "उरलेल्या बाभळी तूच पाड. पण पुन्हा या बाईला दोराला आणू नको. उद्या तुझाच जीव जाईल."

झिपरूच्या पायाजवळ मशीन पडलं होतं. त्यात आठ दातांची चाकी होती आणि ते त्या सगळ्यांत त्याला एकट्याला माहीत होतं. एक वाक्य बोलायचं होतं. त्यानं मातीकडे बघितलं आणि म्हणाला, "नाय आणणार."

चोर सोडून संन्याशाला फाशी, ती अशी. आणि संन्यासीण तीन हात अंतरावर उभी राहून ऐकत होती.

त्या दिवसापासून चिमणाबाईनं दोर सोडला आणि ताडपत्रीच्या खोपीत बसून सरपण फोडायला लागली. लसूण घालून तेल कढवायची, कोमट करून कानात सोडायची आणि वर कापसाचा बोळा घालायची. बोळा घातल्यावर ऐकू कमी येणारच. मग ती "काय म्हणाला?" असं पुन्हा पुन्हा विचारायची, आणि लोक तिच्याशी ओरडून बोलायला लागले. बयाबाई पूर्वी चहा घेऊन यायची तेव्हा दोघी हळू आवाजात सुनांच्या चहाड्या करायच्या. आता बयाबाई लांबूनच "चहाऽऽ" म्हणून हात हलवायची. लेक तृप्ती कळवणला दिलेली. ती फोनवर इतकी ओरडायची की बाहेर बसलेल्या झिपरूला नातवाचं दुखणंखुपणंही समजायचं. चहाड्या ओरडून करता येत नाहीत आणि लेकीशी मनातलंही ओरडून बोलता येत नाही. चिमणाबाई गप्प होत गेली.

"माझ्या आईचं पण आसंच झालं व्हतं," एकदा ती कापसाचा बोळा वळत म्हणाली. "आधी कान गेला, मग समदी तिला येडी समजायला लागली."

रोज सकाळी उठताना तो ठरवायचा की आज सांगायचं. आणि रोज त्याला वाटायचं की काल सांगितलं असतं तर सोपं गेलं असतं. पहिल्या दिवशी ती एक चूक होती. आता ती चूक राहिली नव्हती, चिमणाबाईचं तोंड बघत बघत केलेली लबाडी झाली होती. तेल कोमट करायला तो तिला काटक्या आणून द्यायचा. तेवढंच त्याला जमायचं.

दोराला माणूस हवंच होतं. झिपरूनं राजूला बोलावलं. मामीला ऐकू कमी येतं, एवढंच त्यानं सांगितलं. राजूनं हळहळ व्यक्त केली, सुट्टी टाकली आणि आला. झिपरू वर आणि राजू खाली, असं न करता राजूनं आपल्या पद्धतीनं दोर लांबवला आणि जिथून बुंधा दिसेल अशा जागी उभा राहिला. पण आधी त्यानं मशीन चालू करून बघितलं. बाभळीत पट्टी घालताच इंजिन दबलं तसं त्यानं बंद केलं.

"मामा, आठ दाती अजून तशीच? बाभळीला लावू नको म्हणालो होतो ना?"

झिपरू चेनवरचा भुसा झटकायला लागला. राजूनं जास्त विचारलं नाही. कानशीच्या डब्यातलं फडकं सोडलं, तिथंच बांधावर बसून सात दाती चाकी बसवली, चेन ताणून घेतली, आणि दोघांनी पहिली बाभूळ ओढ्यात पाडली.

ते मशीन पुसत होते तेवढ्यात बांधावरून चिमणाबाई येताना दिसली. ती जवळजवळ पळतच येत होती. हातात कापसाचे दोन्ही बोळे होते आणि तोंडभर हसू होतं. किती तरी दिवसांनी झिपरूनं तिचे दात बघितले.

"आज मशीन पयल्यासारखं वाजतंय," ती धापा टाकत म्हणाली. "दबलं कवा, चढलं कवा, समदं खोपीत आयकू आलं. झाड पडायच्या आधी मी उठून उभी राह्यले व्हते. कान मोकळा झाला माझा. तेलाचा गुण आला."

झिपरूपुढे आता दोन वाटा होत्या. एका वाटेनं ती उद्या दोराला आली असती, बयाबाईशी हळू बोलली असती, आणि कुणालाच काही कळलं नसतं. ती वाट इतकी सोपी होती की त्याची मान आपोआप हलली.

"हां," तो म्हणाला. "लसणाचं तेल चांगलंच आस्तं."

राजू कानस डब्यात ठेवत होता. त्याच्या मनात काही नव्हतं. "तेलाचं नाय मामी, चाकीचं ते," तो म्हणाला. "आठ दाती व्हती, ती काढून सात दाती बसवली सकाळी. आठ दातीनं इंजिन दबायचं, म्हणून आवाज येगळा यायचा."

चिमणाबाईचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला जीव गेला. तिनं राजूला विचारलं की आठ दाती कधी बसवली होती. त्यानं सांगितलं, तुम्ही बाजाराला गेला होतात तेव्हा. मग त्यालाही काही तरी समजलं असावं, कारण तो डबा उचलून मोटारसायकलकडे गेला.

ती झिपरूकडे बघत राहिली. रागानं बघितलं असतं तर त्याला सोसलं असतं. ती नव्या माणसाकडे बघावं तशी बघत होती.

"सांगतलं आस्तं," ती म्हणाली, "तर दोन झाडांत नवा आवाज शिकले आस्ते."

ती वळून खोपीकडे गेली.

त्या संध्याकाळी झिपरू वाल्मीकनानांच्या ओट्यासमोर उभा राहिला आणि सगळं बोलला. चाकी, राजूनं सांगितलेलं, थंडीनं कान भरला म्हणालो ते, "नाय आणणार" म्हणालो ते. नानांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले की गड्या, तू मांडव पाडलास त्याचं एवढं नाही, पण बाईचं नाव फुकट घालवलंस. उद्यापासून तीच दोराला येऊ दे. आत बयाबाईनं ऐकलं आणि ती "अगं बाई गं" एवढंच म्हणाली.

झिपरू जवळजवळ हलका होऊन खोपीकडे आला. चिमणाबाई चुलीपुढे बसली होती. लसणाचं तेल तिनं भाजीच्या फोडणीत ओतलं होतं, वास सुटला होता. त्यानं सांगितलं की चुकी माझी, नानांना सगळं सांगून आलोय, उद्यापासून दोराला तूच यायचं, नानांनीच सांगितलंय.

"सांगतलं ते बरं केलं," ती म्हणाली. तिनं भाकर परतली, कडा दाबल्या, तव्यावरून काढून त्याच्या ताटात ठेवली. आणि मग, अजिबात आवाज न चढवता, म्हणाली:

"मी उद्या शेजारच्या मळ्यात द्राक्षं काढायला बायांसंगं जाणार हाय. दोराला नाय येणार. आता मशीन वाजलं की माझ्या मनात येईल, आज यानं काय बदललं आसंल? आसल्या मनानं दोर धरू नये. झाड तुझ्यावर पडंल."

तिनं दुसरी भाकर थापायला घेतली.